मारोतीचा दुसरा खेळ

मारोती आडात होता, कमरेएवढ्या पाण्यात, आणि वर यायला तयार नव्हता.

आम्ही दोर सोडला होता. दोराचं टोक त्याच्या नाकासमोर लोंबत होतं. त्यानं दोराकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोराचा इथं काही संबंध न्हाई, वैनी."

"संबंध न्हाई म्हणजे? कमरेला बांधा. आमी वढतो."

"असं न्हाई व्हत. आधी काठीनं दाखवा. मंग टक करा."

माझ्या हातात निंबाची काठी होती. मी काठी दोराकडे केली आणि जीभ टाळूला लावून टक केलं.

"दाखवलं. टक केलं. बांधा आता."

मारोतीनं दोराला बोट लावून पाहिलं. "हे माझ्याच्यानं उचलत न्हाई," तो म्हणाला.

माघातली दुपार उतरायला लागली होती. पाणी गार होतं. त्याचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. आडाभोवती निम्मं पुसेगाव जमलं होतं. तलाठी वाकून म्हणाला, "मारोतराव, मी सरकारी माणूस म्हणून सांगतो, वर या."

"तलाठी साहेब," आतून आवाज आला, "तुमची पाळी काल झाली."

तांड्यावरचा हरिसिंग अंगापिंडानं मजबूत. त्यानं धोतर खोचलं आणि आडाच्या भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवत अर्ध्यापर्यंत उतरला. मारोतीनं ओंजळी भरभरून त्याच्या तोंडावर पाणी मारलं. "वर जा! खेळात दुसरा माणूस न्हाई!" हरिसिंग शिव्या देत वर आला.

मारोती आमचा शेजारी. आमच्या आणि त्याच्या घराच्या मधे एक कुडाची भिंत, आणि ती भिंत नुसती म्हणायला. त्याचा धंदा भंगाराचा. सायकलला दोन्ही बाजूंनी पोती अडकवून तो पार हिंगोलीकडच्या गोरेगावपर्यंत फिरायचा. फुटकी घमेली, बिनकाट्यांची घड्याळं, तळ गेलेल्या बादल्या घ्यायचा आणि बदल्यात खारे शेंगदाणे द्यायचा. घ्यायला हुशार होता. विकायला मात्र त्याचा हात उचलायचा नाही. कुठलीही वस्तू हातात घेऊन म्हणायचा, "कामाला येतं." काय कामाला येतं, ते त्यालाही माहीत नसायचं. अंगणातली टिनाची सपरी आढ्यापर्यंत भरली होती.

त्याची बायको गिरजा. ती बोलायला लागली की आमच्या घरातलं बोलणं बंद व्हायचं, कारण एकमेकांचं ऐकूच यायचं नाही. ती म्हणायची, "ह्या माणसानं मला बी भंगारातच घेतलं आसंल. म्हणून इकत न्हाई." मारोती मान खाली घालून हसायचा. लेकरूबाळ नव्हतं. दिवसभर ती बोलायची आणि तो ऐकायचा, असा त्यांचा संसार.

मग एका सकाळी गिरजा चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आळीत एकदम शांतता झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ते बरं वाटणं आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही म्हटल्यावर मला भाकरी थापायला सुचेना.

गिरजाचा डावा हात चालत होता. मारोतीनं तिला निंबाची एक काठी तासून दिली. ती बाजेवर पडल्या पडल्या काठीनं एखादी वस्तू दाखवायची आणि जिभेनं टक करायची. मारोती ती वस्तू उचलायचा. मग ती दुसरीकडे काठी करून पुन्हा टक करायची. तिथं तो ती वस्तू ठेवायचा किंवा वापरायचा. तवा, टक, चूल, टक. झाडू, टक, कोपरा, टक. असं त्यांचं घर चालायला लागलं.

अडचण एकच होती. मारोती स्वतःचं डोकं वापरायचा नाही. काठी जिथं, तो तिथं. एकदा तिनं दुधाची वाटी दाखवली, टक केलं, मग स्वतःकडे काठी करायला गेली आणि हात थरथरला. काठी मांजराकडे झाली. मारोतीनं सगळं दूध मांजराला पाजलं. गिरजानं काठी त्याच्या टाळक्यात घातली.

"बराबर दाखव की मंग," तो म्हणाला. "मला काय म्हाईत तुला काय पाह्यजे?"

मला वाटतं त्याला माहीत होतं. पण तिचा राग बघायला त्याला आवडत होतं. रागात ती पहिल्यासारखी दिसायची.

तिथून त्याला खेळ सुचला. गिरजाला मिशरी लागायची. एक दिवस त्यानं मिशरीची डबी उंच शिंक्यात टांगली आणि तिच्यासमोर हात बांधून उभा राहिला. तिनं शिंकं दाखवलं. "हात पुरत न्हाई," तो म्हणाला. तिनं आकडीची रिकामी खुंटी दाखवली. "आकडी पेटीत हाये." पेटी दाखवली. "कुलूप हाये." मग तिचे डोळे खोलीभर फिरायला लागले. किल्ली तेलाच्या बुधलीत होती. बुधलीच्या तोंडातून हात जात नव्हता. भंगारातला लोहचुंबक सुतळीला बांधून आत सोडायचा, किल्ली वर काढायची, पेटी उघडायची, आकडी घ्यायची, शिंकं खाली घ्यायचं. सगळी दुपार लागली. डबी हातात आली तेव्हा गिरजा अर्ध्या तोंडानं हसली. उरलेलं अर्धं हलत नव्हतं.

आम्ही शेजारच्या बाया दारात उभ्या राहून बघत होतो. दुसऱ्या दिवशी मीही काठी मागितली. मग सगळी आळी. मारोती खेळायच्या बदल्यात एक भंगाराची वस्तू घ्यायचा. लोकं घरातले फुटके डबे घेऊन रांगेत उभे राहायचे. दुष्काळ सरून थोडीच वर्षं झाली होती. गावात करमणूक म्हणजे दुसऱ्याची भांडणं. त्यापेक्षा हे बरं होतं.

पहिल्या खेळाला मी नाव ठेवणार नाही. छोटा होता, पण शहाणा होता. किल्ली कुलपाला लागायची, चुंबक लोखंडाला लागायचा. आपण अडकलो तर ती आपली चूक, हे पटायचं. आणि मारोती वस्तूसारखाच कोरडा राहायचा. चुकीची वस्तू दाखवली की म्हणायचा, "ह्याचा त्याच्याशी काय संबंध?" भलतीच वस्तू उचलायला सांगितली की, "हे माझ्याच्यानं उचलत न्हाई." घाई केली की, "आता न्हाई, मंग बघू." ही त्याची वाक्यं गावभर झाली. माझ्या मालकांना मी सरपण फोडायला सांगितलं तर तेसुद्धा म्हणाले, "हे माझ्याच्यानं उचलत न्हाई." मी कुऱ्हाडीकडे बोट केलं आणि टक केलं. मग उठले.

पण गिरजाला पहिला खेळ पाठ झाला. मारोती किल्लीची जागा बदलायचा, तरी तिला लगेच कळायचं. शेवटी शेवटी ती बघितल्यासारखं न करताच काठी फिरवायची. आणि एक दिवस मारोतीनं डबी खाली काढून पुढे केली, तर तिनं घेतली नाही. काठी बाजेखाली टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ती काही दाखवेना. भाकरी दाखवली नाही, पाणी दाखवलं नाही. मारोती पेजेचा चमचा तोंडाशी न्यायचा, ती दात आवळायची. मी जबरदस्तीनं थोडी पाजायचे. अर्धी उशीवर सांडायची. हिंगोलीचा डॉक्टर आणला. त्यानं तपासून मारोतीला ओसरीत नेलं आणि सांगितलं, "नवीन आजार काही नाही. पण खाल्लं नाही तर ही बाई होळी बघायची नाही."

मारोतीनं डॉक्टरला विचारलं, "खेळ सरला म्हणून आसंल का?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला.

"मंग दुसरा करतो," मारोती म्हणाला आणि सपरीत शिरला.

तो फेरीवर जायचा बंद झाला. सपरीतून नुसता ठोकल्याचा आवाज यायचा. मी भिंतीवरून म्हणाले, "भाऊजी, बायको मरून राहिली अन् तुमी डबे रंगवून राहिले."

"आता न्हाई, वैनी," तो आतून म्हणाला. "मंग बघू."

दुसरा खेळ तयार झाला तेव्हा त्यानं गिरजाची बाज ओसरीत आणली. अशी ठेवली, की तिनं नुसती कूस बदलली असती तरी सपरी, अंगण आणि मागचा आड, सगळं दिसलं असतं. तिनं कूस बदलली नाही. तिची पाठ आमच्याकडे आणि तोंड भिंतीकडे.

"तुमी खेळा," मारोतीनं आम्हाला सांगितलं. "अन् जरा मोठ्यानं खेळा."

आता दुसऱ्या खेळाबद्दल. चांगलं ते आधी सांगते. खेळ मोठा होता. पहिला एका खोलीचा, हा सपरीत सुरू व्हायचा, अंगणातून जायचा आणि आडापाशी संपायचा. देखणा होता. पत्र्याला निळा रंग देऊन त्यावर डब्यांच्या झाकणांचा चंद्र आणि चांदण्या ठोकल्या होत्या. ज्वारीतलं बुजगावणं आणून अंगणात उभं केलं होतं आणि ते बोलायचं, म्हणजे मारोतीच तोंडावर हात धरून जाड आवाज काढायचा. पहिल्या खेळात तो एका वेळी एकच वस्तू उचलायचा. आता भंगारातला एक जुना खाकी कोट त्यानं घातला होता. त्याला खिसेच खिसे. उचललेली वस्तू खिशात जायची आणि हवी तेव्हा बाहेर यायची. हे सगळं झकास होतं. पहिल्या दिवशी लोकं तोंडाचा आ करून बघत होते.

दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायला लागले.

एक तर तो फार हळू चालायचा. सपरीतली वस्तू आडापाशी लागायची, आडापाशी कळायचं की आणखी एक सपरीत राहिली. मारोती जायचा, यायचा, पुन्हा जायचा. "भाऊजी, पाय उचला की." "मी असाच चालतो." दुसरं, सपरीत हजार वस्तू, आणि काठीचं टोक बरोबर हव्या त्या वस्तूवर पाहिजे. भंगाराच्या ढिगात एक दाभण होता. मी सकाळभर त्या ढिगात काठी खुपसत बसले. बोटभर इकडे झालं की म्हणायचा, "तिथं काही न्हाई, वैनी." दाभण माझ्या डोळ्यांना दिसत होता, त्यालाही दिसत होता.

तिसरं, शेळी. मारोतीनं स्वतःची शेळी खेळात घेतली होती. एका गजराच्या घड्याळाला किल्ली द्यायची आणि ते वाजायला लागलं की शेळीच्या गळ्यात बांधायचं, असा एक भाग होता. का, ते विचारू नका. तलाठ्याच्या पाळीला शेळीनं घड्याळाची किल्लीच खाऊन टाकली. मारोतीनं ते बघितलं होतं. पण न सांगता तो तलाठ्याच्या मागे दुपारभर फिरत राहिला. तलाठ्याच्या ओट्यावर लोकं सातबाऱ्यासाठी खोळंबले होते. शेवटी तलाठी रडकुंडीला येऊन म्हणाला, "किल्ली आहे तरी कुठं?"

"शेळीत," मारोती म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी शेळीला इचारलं काहून न्हाई?"

दुसरी किल्ली शोधून त्यानं खेळ पुन्हा चालू केला. ह्या बाबतीत तो प्रामाणिक होता.

पण खरी तकलीफ वेगळीच होती. खेळाला अक्कल नव्हती. सपरीत एक छत्री टांगली होती. सगळ्यांनी ती उघडायला सांगितली. "उघडत न्हाई." दाभणानं, तेलानं, आकडीनं. "ह्याचा त्याच्याशी काय संबंध?" शेवटी लोकं चिडून हाताला येईल ते छत्रीला लावून बघायला लागले. चिमटा, टक, छत्री, टक. पायताण, टक, छत्री, टक. असं करता करता कोणीतरी गुळाचा खडा लावला. मारोतीनं गूळ मिटलेल्या छत्रीत ठेवला, छत्री काखेत धरली आणि म्हणाला, "आता बराबर."

"छत्रीत गूळ?" मी म्हणाले. "कोणत्या गावात छत्रीत गूळ ठेवतात?"

"इथं ठेवतात," तो म्हणाला आणि ओसरीकडे बघितलं. गिरजाची पाठ हलली नाही.

बुजगावण्याचंही तसंच. त्याच्याजवळ सपरीतल्या एका कोठीची किल्ली होती आणि ते देत नव्हतं. त्याला विडी दिली, शिव्या दिल्या, हरिसिंगनं तर त्याला पाडून खिसे तपासा म्हणून दहादा टक केलं. "मी काहून मारू? त्यानं माझं काय केलं?" शेवटी हरिसिंगनं वैतागून टॉवेल दाखवला, टक केलं, मारोतीचंच डोकं दाखवलं, टक केलं. मारोतीनं टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला. मग बुजगावण्याचे पाय. टक. मारोती बुजगावण्याच्या पाया पडला आणि बायकी आवाजात म्हणाला, "मामंजी, चहा घेता का?" बुजगावण्यानं किल्ली दिली.

हरिसिंग म्हणाला, "हा येडा झाला."

मलाही तेच वाटलं. पण मी अशी, की हातात घेतलेलं सोडत नाही. छत्री झाली, बुजगावणं झालं, शेळी झाली. शेवटचा भाग उरला होता. मिशरीची डबी ह्या वेळी आडात होती, भिंतीतल्या एका कोनाड्यात. दुपारची जेवणं झाली होती. मी आडाकडे काठी केली आणि टक केलं. मारोती ओसरीकडे एकदा बघून खोबण्यांत पाय ठेवत आत उतरला. मधेच धप्प आवाज आला. मी वाकून बघितलं तर तो खाली पाण्यात उभा, एका हातानं डबी कोटाच्या खिशात घालत, दुसरा हात भिंतीला.

"या वर," मी म्हणाले.

"कसा?" तो म्हणाला. "दाखवा."

त्यानंतरचं वर सांगितलंच. दोर दाखवला, बादली दाखवली, शिडी आणली. शिडी पुरत नव्हती, तरी दाखवली. लोकांनी आपापल्या घरून वस्तू आणल्या. कोणी मुसळ दाखवलं, कोणी पाळण्याची दोरी. आतून एकच, "काय संबंध?" आवाज मात्र बारीक होत चालला होता. मधेच त्यानं हळू विचारलं, "वैनी, ती बघून राहिली का?"

मी ओसरीकडे बघितलं. पाठच दिसत होती.

"न्हाई," मी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी काठी घेतली, ओसरीत गेले आणि गिरजाच्या पाठीशी उभी राहिले.

"गिरजा," मी म्हणाले, "तुझा नवरा आडात बसलाय. दोर देऊन राहिलो, धरत न्हाई. गारठून मरायला टेकलाय. तुमाला दोघांला मरायचं आसंल तर खुशाल मरा. पण सगळी आळी त्या आडाचं पाणी पिती. आमचं पाणी नासवू नका. त्याला बाहीर काढ, अन् मंग पाह्यजे तर पुन्हा भिंतीकडं तोंड कर."

मग तिची मान फिरली. नुसती मान. डोळे खोल गेले होते. त्या डोळ्यांनी तिनं आधी मला बघितलं आणि मग आडाभोवतीची गर्दी बघितली. डावा हात गोधडीतून बाहेर आला आणि त्याची बोटं उघडली.

मी काठी तिच्या हातात दिली.

हरिसिंग, तलाठी आणि आणखी दोघांनी बाज उचलली आणि आडाच्या काठाला नेली. तिला उशाशी टेकवून बसवलं. तिनं आत बघितलं. मारोतीनं वर बघितलं.

तिनं काठी उचलली. दोराकडे केली नाही, शिडीकडे केली नाही. काठी गर्दीवरून फिरत फिरत माझ्या घराच्या दारावर थांबली. मी बाजूला झाले, तरी काठी तिथंच. दारातून आत भाकरीची दुरडी दिसत होती.

टक.

"भाकर?" मी म्हणाले.

टक. मग काठी दोराकडे. टक.

"हे काय आता," तलाठी म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं, भाकरी आणली, फडक्यात बांधली आणि दोराच्या टोकाला अडकवली. दोर आत सोडला.

मारोतीनं भाकरी बघितली आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं हात पुढे केला. गिरजानं टक करून काठी वर केली. आम्ही दोर हातभर वर ओढला. त्यानं पुन्हा हात केला. टक. पुन्हा वर. लोकं हसायला लागले. तिसऱ्यांदा मारोतीनं झेप घेऊन दोर धरला, कमरेला बांधला, फडकं सोडून भाकरी दातात धरली आणि भरल्या तोंडानं ओरडला, "आता बराबर! वढा!"

आम्ही ओढलं. तो वर आला, भिजलेल्या कोटासकट, तोंडात भाकरी घेऊन. काठावर बसवला आणि तेव्हा मी त्याचा पाय बघितला. घोट्याखाली पाऊल भलतीकडे वळलं होतं आणि भोपळ्याएवढं सुजलं होतं. उतरतानाच खोबणीतून सटकून मोडलं होतं. त्या मोडक्या पायावर तो गार पाण्यात दुपारभर उभा होता.

"पाय मोडला, हे सांगितलं काहून न्हाई?" मी ओरडले.

त्यानं भाकरी तोंडातून काढली. "तुमी पायाकडं काठी कुठं दाखवली?"

"अन् ह्या भाकरीचा काय संबंध?" हरिसिंग म्हणाला. त्यानं दोर ओढला होता, त्याला विचारायचा हक्क होता.

मारोती दात वाजवत सांगायला लागला. लग्न झालं त्या वर्षी तो गिरजाशी भांडून ह्याच आडात उतरून बसला होता. वर येत नाही म्हणाला. गिरजानं बरंच समजावलं, मग भाकरी दोराला बांधून आत सोडली आणि हातभर हातभर वर ओढत त्याला खोबण्यांवरून वर आणलं. "शेळीला आणतात तसं," तो म्हणाला. "तवापून मला म्हाईत हाये, आडातून वर यायचं ते असंच."

तेवढ्यात टक झालं. आम्ही वळलो. गिरजाची काठी मारोतीच्या हातातल्या भाकरीवर होती. मग काठी हळूहळू वळली, ह्या वेळी मांजराकडे नाही, कुठं नाही, सरळ तिच्या स्वतःच्या तोंडाकडे आली.

टक.

मारोती सरकत सरकत बाजेपाशी गेला आणि भाकरीचा ओला तुकडा तिच्या तोंडात घातला. तिनं खाल्ला. चावायला वेळ लागला. सगळं गाव उभं राहून एका बाईला भाकरी चावताना बघत होतं. मी सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

हाड बसवणारा आला, पाय बांधून गेला. मारोतीला चालता येईना, म्हणून गिरजा दुसरा खेळ खेळली तेव्हा मारोतीच्या जागी कोट घालून मला उभं राहावं लागलं. तिनं छत्री दाखवली आणि विचार न करता गूळ दाखवला. मी मारोतीकडे बघितलं, तेव्हा त्यानं सांगितलं. वरातीच्या वाटेला पाऊस लागला, तेव्हा माहेरचा गूळ भिजू नये म्हणून दोघांनी छत्री मिटून त्यात गूळ ठेवला होता आणि स्वतः भिजत आले होते. बुजगावण्यापाशी ती थांबलीच नाही. पदर, टक, पाय, टक. नवी नवरी असताना तिन्हीसांजेला तिनं शेतातल्या बुजगावण्याला सासरा समजून चहा विचारला होता. शेळीचं मी विचारलं नाही. मला तेवढं ऐकायचं नव्हतं. मी बुजगावण्याच्या पाया पडून आधीच लाजले होते.

खेळ म्हणून मी अजूनही म्हणेन, पहिलाच चांगला. दुसरा एका माणसासाठी केलेला. बाकीच्यांनी त्यात डोकं घालायची गरज नव्हती.

शेळी त्याच महिन्यात मेली. तिनं दुसरी किल्लीही खाल्ली होती. होळी पेटली तेव्हा मारोती ओसरीत पाय पाटावर ठेवून बसला होता आणि बाजेवरून गिरजा त्याला काठीनं होळी दाखवत होती. दोघंही जगली.